पोरीला अमेरिकेतून ‘साय काय’चं पत्र आलं! पाच हजार भरायचे की नाही? मानसशास्त्राच्या ‘ऑनर सोसायटी’बद्दल सगळं समजून घ्या

शेत गहाण टाकून, बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून मुलगी अमेरिकेला शिकायला पाठवलेली असते. दीड-दोन वर्षं होतात. मग एक दिवस रात्री अकराला तिचा व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो : “बाबा, मला साय कायमध्ये घेतलंय. फी भरायची आहे, पन्नास-साठ डॉलर.” इकडे बाबा विचारतात, “साय काय? काय?” तिकडून उत्तर येतं, “तेच, साय काय.”

यात हसण्यासारखं आहे आणि काळजी करण्यासारखंही आहे. कारण ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, आता पैसे भरा’ असे मेसेज आपल्याकडे लॉटरीच्या नावाने, नोकरीच्या नावाने, लकी ड्रॉच्या नावाने रोज येतात आणि त्यात माणसं बुडालेली आहेत. म्हणून घरच्यांना पहिली शंका येते ती फसवणुकीची. ती रास्तच आहे. पण साय काय ही खरी संस्था आहे, जुनी आहे आणि मानाची आहे. अडचण एवढीच, की तिच्या आसपास तशाच दिसणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या संस्थाही फिरत असतात. त्यामुळे खरी कोणती, तिच्यात गेल्याने मिळतं काय आणि मिळत नाही काय, हे घरच्यांनाही माहीत असलेलं बरं.

‘सोसायटी’ म्हणजे कर्जाची सोसायटी नव्हे

गावात सोसायटी म्हटलं की पीककर्ज, चेअरमन आणि निवडणूक एवढंच डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतल्या कॉलेजांतली ‘ऑनर सोसायटी’ ही वेगळी गोष्ट. अभ्यासात ठरावीक पातळीच्या वर असणाऱ्या विद्यार्थ्यांना सभासद करून घेणारी ती संघटना असते. ही प्रथा तिकडे फार जुनी आहे. फाय बीटा कॅपा नावाची पहिली अशी सोसायटी १७७६ साली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र झाली त्याच वर्षी, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. तेव्हापासून अशा संस्थांना ग्रीक अक्षरांची नावं देण्याची रीत पडली. पुढे विषयावार सोसायट्या निघाल्या. इंजिनिअरिंगची वेगळी, अर्थशास्त्राची वेगळी, भौतिकशास्त्राची वेगळी.

मानसशास्त्राची जी निघाली ती साय काय. ‘साय’ आणि ‘काय’ ही दोन ग्रीक अक्षरं. पहिलं मनासाठी, म्हणजे ज्ञानासाठी; दुसरं हातांसाठी, म्हणजे संशोधनाच्या कामासाठी, असा त्याचा अर्थ संस्था सांगते. स्थापना ४ सप्टेंबर १९२९ रोजी झाली. त्या वेळी येल विद्यापीठात मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथेच २२ शाखांसह संस्था उभी राहिली. फ्रेडरिक लुईस आणि एडविन न्यूमन या दोन विद्यार्थ्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. गंमत म्हणजे सुरुवातीला नाव दुसरंच ठेवलं होतं, सिग्मा पाय सिग्मा. पण ते नाव भौतिकशास्त्रवाल्यांनी आधीच घेतलेलं निघालं, म्हणून वर्षभरात बदलावं लागलं.

आज तिचं मुख्य कार्यालय टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात आहे आणि शाखा हजाराच्या वर आहेत. २००९ पासून तिने अमेरिकेबाहेरच्या विद्यापीठांतही शाखा द्यायला सुरुवात केली आणि नावापुढे ‘आंतरराष्ट्रीय’ लावलं. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांसाठी साय बीटा नावाची वेगळी सोसायटी आहे, ती १९७७ पासून. मुलगा आधी कम्युनिटी कॉलेजात आणि मग मोठ्या विद्यापीठात जाणार असेल, तर त्याला आधी साय बीटाचं आणि नंतर साय कायचं, अशी दोन्ही पत्रं येऊ शकतात. खर्च वाचवण्यासाठी हा रस्ता धरणारी बरीच मुलं असतात.

इथे आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची ‘ऑनर्स’ पदवी आली आहे. तिचा आणि ऑनर सोसायटीचा काही संबंध नाही. ‘ऑनर्स’ ही पदवी असते, विद्यापीठ देतं. ऑनर सोसायटीचं असतं ते सभासदत्व. सोसायटीत गेलं म्हणून पदवी मोठी होत नाही आणि नाही गेलं म्हणून लहान होत नाही.

आत जायला काय लागतं?

साय कायमध्ये थेट घरबसल्या फॉर्म भरून जाता येत नाही. विद्यार्थी ज्या कॉलेजात शिकतो, त्याच कॉलेजात संस्थेची शाखा असावी लागते आणि प्रवेश त्या शाखेमार्फतच होतो. कॉलेजात शाखा नसेल तर विषय संपला. तिथल्या प्राध्यापकांनी नवी शाखा काढायचं मनावर घेतलं तर गोष्ट वेगळी.

पदवीच्या विद्यार्थ्यासाठी अटी अशा. मानसशास्त्र हा मुख्य किंवा दुय्यम विषय घेतलेला हवा. निदान तीन सत्रं, म्हणजे साधारण दीड वर्ष, पूर्ण झालेलं हवं. मानसशास्त्राचे किमान ९ क्रेडिट पूर्ण हवेत. सहसा एक विषय ३ क्रेडिटचा असतो, म्हणजे तीन विषय. एकूण जीपीए आणि मानसशास्त्रातला जीपीए, दोन्ही ४ पैकी किमान ३.० हवेत. आणि शेवटची अट, जिथे बरेच जण अडतात : आपल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत वरच्या ३५ टक्क्यांत नंबर हवा.

जीपीएचा हिशेब घरच्यांना कळत नाही, म्हणून थोडं थांबूया. तिकडे मार्क टक्क्यांत न मोजता अक्षरांत देतात. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. सगळ्या विषयांत सरासरी बी आली की जीपीए ३.० होतो. आता समजा एखाद्या मुलाचा जीपीए ३.२ आहे. तो म्हणतो, अट ३.० ची आहे, मग मला का नाही घेतलं? कारण ३५ टक्क्यांची अट. वर्षात १०० विद्यार्थी धरले तर पहिले ३५ आत. त्या कॉलेजात पोरं हुशार असतील आणि पस्तिसाव्या नंबराच्या पोराचा जीपीए ३.५ असेल, तर ३.२ वाला बाहेर राहतो. कॉलेजागणिक ही रेषा बदलते. शिवाय शाखा आपली अट याहून कडक ठेवू शकते. त्यामुळे ‘अमक्याच्या पोराला मिळालं आणि आपल्याला नाही’ अशी तुलना दोन वेगळ्या कॉलेजांत करण्यात अर्थ नाही. एमएस किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी नंबराची अट नाही, पण पदव्युत्तर विषयांत सरासरी ३.० लागतेच.

अर्ज ऑनलाइन होतो. शाखा कॉलेजच्या दप्तरातून मार्क तपासून घेते, मंजुरी मिळते, मग फी. मुख्य कार्यालयाची फी पन्नास-साठ डॉलरच्या घरात, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण पाच हजार रुपये. ती आयुष्यात एकदाच. दरवर्षी नूतनीकरण नाही. काही शाखा आपली वेगळी छोटी वर्गणी घेतात, ते आधी विचारून घ्यावं. पुढे प्रमाणपत्र येतं आणि शाखेचा सभासद करून घेण्याचा छोटा समारंभ होतो. पदवीदानाच्या वेळी गाऊनवर गळ्यात घालायची रंगीत दोरी पाहिजे असेल तर तिचे पैसे वेगळे. फोटोत छान दिसते, पण घेतलीच पाहिजे असं नाही.

फायदा कुणाला, किती?

इथे जरा स्पष्ट बोलायला हवं. नुसतं प्रमाणपत्र घेऊन कपाटात ठेवलं, तर पाच हजारांच्या बदल्यात बायोडेटामध्ये एक ओळ मिळते. ती वाईट नाही. पण अमेरिकेत मानसशास्त्राच्या पीएच.डी.ला, विशेषतः क्लिनिकल शाखेला, प्रचंड चुरस असते आणि तिथे अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणांच्या बायोडेटात ती ओळ असतेच. निवड करणारे प्राध्यापक पाहतात ते मार्क, संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रं. एका ओळीवर कुणी प्रवेश देत नाही.

खरा फायदा त्या ओळीच्या मागे आहे. शाखेला एक प्राध्यापक सल्लागार असतो. शाखेत काम करणारी पोरं त्याच्या रोजच्या नजरेत येतात. आपल्याकडची मुलं तिकडे गेल्यावर बहुतेक वेळा इथेच मार खातात. मार्क उत्तम, पण प्राध्यापकाशी बोलायची सवय नाही, ‘सरांना कशाला त्रास द्यायचा’ असा संकोच. मग शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा सरांना नाव आठवत नाही आणि पत्र दोन ओळींचं येतं. शाखेच्या बैठकीला नियमित जाणारा, एखादा कार्यक्रम अंगावर घेणारा विद्यार्थी मात्र सरांना ठाऊक असतो. त्यातूनच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम मिळायची वाट निघते. आपल्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मन लावून काम करणारी पोरं सरांच्या कायमची लक्षात राहतात, तसंच हे.

दुसरा फायदा पैशाचा आहे. सभासद विद्यार्थ्यांना संशोधनासाठी अनुदान, शोधनिबंधांसाठी बक्षिसं, परिषदांना जाण्यासाठी प्रवासखर्च अशा योजना संस्था चालवते. त्या आपोआप मिळत नाहीत. वेळेत अर्ज करावा लागतो, संशोधनाचा आराखडा लिहावा लागतो आणि स्पर्धा असते. पण ही स्पर्धा फक्त सभासदांमधली, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा सोपी. एकदा एखादं छोटं अनुदान पदरात पडलं तरी भरलेल्या फीच्या कितीतरी पट वसूल होतं.

तिसरा, संशोधन मांडायची जागा. अमेरिकेत मानसशास्त्राच्या विभागीय परिषदा दरवर्षी भरतात. तिथे साय कायचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि पदवीची मुलंही आपल्या अभ्यासाचं पोस्टर लावून उभी राहतात. येणारे-जाणारे प्राध्यापक थांबून प्रश्न विचारतात. पहिल्यांदा उभं राहणाऱ्याची बोबडी वळते, पण हाच सराव पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत कामाला येतो. संस्थेचं स्वतःचं संशोधन नियतकालिक आहे, १९९६ पासून निघतं. सुरुवातीला ते फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठीच होतं. त्यात लेख तज्ज्ञांकडून तपासून मगच छापतात, म्हणून त्यातल्या छापील लेखाला वजन आहे.

चौथा फायदा माहितीपत्रकांत ठळक छापलेला असतो, पण आपल्या मुलांनी तो फार मनावर घेऊ नये. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत नुसत्या पदवीवर ज्या पायरीवर घेतात, तिला जीएस-५ म्हणतात. अभ्यासात विशेष चमक दाखवलेल्याला जीएस-७ वर, म्हणजे जास्त पगारावर, सुरुवात करता येते. ती चमक सिद्ध करण्याचा एक मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑनर सोसायटीचं सभासदत्व. पण पदवीला एकूण जीपीए ३.० असला तरी तोच लाभ मिळतो. म्हणजे सोसायटीत जाण्याइतके मार्क ज्याला आहेत, त्याला हा फायदा तसाही मिळाला असता. आणि मूळ मुद्दा असा, की या नोकऱ्या जवळपास सगळ्या अमेरिकन नागरिकांसाठी आहेत. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला त्याचा उपयोग नाही. तिकडेच जन्मलेल्या मराठी घरांतल्या मुलांना मात्र होऊ शकतो.

खोट्या कशा ओळखायच्या?

कर्जावर शिकणाऱ्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. विद्यार्थ्याच्या ईमेलवर भारी नावाची, ग्रीक अक्षरांची किंवा ‘नॅशनल’, ‘इंटरनॅशनल’, ‘स्कॉलर’ असे शब्द जोडलेली पत्रं येतात. ‘आपली निवड झाली आहे, सात दिवसांत फी भरा, जागा मर्यादित.’ घाई लावणारं पत्र आलं की तिथेच ब्रेक दाबावा. खऱ्या सोसायटीला असली घाई नसते. शाखा वर्षातून एकदा-दोनदा सभासद घेते आणि एक सत्र चुकलं तर पात्र विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात अर्ज करता येतो.

मुलाला फोनवर एवढंच विचारावं : तुझ्या कॉलेजात त्यांची शाखा आहे का, आणि तिचे सल्लागार प्राध्यापक कोण? नाव सांगता आलं आणि ते प्राध्यापक मानसशास्त्र विभागात खरोखर शिकवत असतील, तर गोष्ट सरळ आहे. मुलाने विभागात जाऊन तोंडी विचारून यावं. ज्या संस्थेला तुमचे मार्क तपासायचेच नाहीत, जी दरवर्षी पैसे मागते, जिची कॉलेजात शाखाच नाही आणि पत्र मात्र परराज्यातल्या पोस्टाच्या खोक्यावरून येतं, तिच्यापासून लांब राहिलेलं बरं. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज नावाची एक शिखर संघटना १९२५ पासून तिकडे आहे. तिने ठरवलेल्या निकषांत बसणाऱ्या सोसायट्यांची यादी ती इंटरनेटवर ठेवते. साय काय तिच्यात १९६५ साली गेली. यादीत नाव नाही म्हणजे संस्था भामटीच असं नाही, पण चौकशी केल्याशिवाय पैसा सोडू नये.

आणि पैसे भरायचे तर विद्यार्थ्यानेच, संस्थेच्या अधिकृत साइटवर, आपल्या कार्डावरून भरावेत. इथून गावातून कुणाच्या तरी खात्यावर यूपीआयने पैसे पाठवायला सांगणारा फोन आला, तर तो शंभर टक्के खोटा समजा. खऱ्या संस्थेला तुमचा ओटीपीही लागत नाही आणि आधार कार्डाचा फोटोही लागत नाही.

प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे

गावात अजून मानसशास्त्र म्हटलं की ‘वेड्यांचा डॉक्टर’ एवढंच डोक्यात येतं. पोरगी मानसशास्त्र शिकते म्हटल्यावर आत्याबाई हळूच विचारतात, “लग्नाचं कसं होणार गं?” खरं तर औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, तो आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, किंवा संशोधन करतो, शाळेत, कंपनीत काम करतो.

साय कायचा सभासद झाला म्हणजे यातला कोणीच झाला नाही. तिकडे मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करायला प्रत्येक राज्याचा स्वतंत्र परवाना लागतो आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागते. परत येऊन इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली आहे. परदेशी सोसायटीचं चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी समुपदेशनाची फी घेत असेल, तर त्याला आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारायचा हक्क पेशंटला आहे आणि विचारायला लाजू नये. घरात कुणाला झोप लागत नाही, मन खचलंय, नको ते विचार येतात, अशा वेळी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मग भरायचे का पाच हजार? कॉलेजात शाखा जिवंत असेल, बैठका होत असतील, मुलाला पुढे पीएच.डी. किंवा संशोधनाकडे जायचं असेल आणि त्याच्याकडे शाखेसाठी आठवड्याचा तासभर असेल, तर जरूर भरावेत. शेवटचं सत्र राहिलंय, नोकरी दुसऱ्याच क्षेत्रात धरायची आहे आणि हप्त्याची ओढाताण चालू आहे, अशी स्थिती असेल तर नाही भरले तरी काही बिघडत नाही. आणि नंबर थोडक्यात हुकला असेल तरी मुलाने शाखेकडे पाठ फिरवू नये. अनेक कॉलेजांत शाखेबरोबरच साधा मानसशास्त्र क्लब चालतो, त्याला मार्कांची अट नसते, आणि दोन्हींची व्याख्यानं बहुतेक वेळा एकाच खोलीत होतात. तिथे जाऊन बसायला, प्रश्न विचारायला आणि सरांना आपलं नाव सांगायला एक डॉलरही लागत नाही.